शिक्षकांच्या माथी आणखी एक परिपत्रक

कुमारवयीन मुलांचे नैराश्य रोखण्याचे काम परिपत्रक काढून शिक्षकांवर सोपविणे प्रशासनास सोयीचे असते. तशा आदेशांवर मीही सह्या केल्या आहेत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील प्रयोगाने मला विचार करावयास लावले.

गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने तेथील ७४ माध्यमिक शाळांत प्रार्थनासभेतील चर्चा, भित्तिपत्रक, सूचनापेटी व समुपदेशन असा कार्यक्रम तपासला. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु याच कामासाठी नेमलेल्या समुपदेशकांच्या शाळांत नैराश्य व दांडगाई घटली. तोच कार्यक्रम शिक्षकांकडे होता तेथे फरक दिसला नाही.

शिक्षकांची आस्था कमी पडली, असे मी म्हणणार नाही. अध्यापन, परीक्षा, जनगणना व निवडणूक यांतून उरलेल्या वेळात मुलांचे मन जाणता येत नाही. पुढील परिपत्रकापूर्वी पदनिर्मितीचा प्रस्ताव यावा.