काडतूस आत गेले, एवढ्याने भागत नाही

परवानाधारक वारला की त्याची दुनळी पोलिस ठाण्यात तरी जाते, नाहीतर आपल्यासारख्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये तशी सोय आहे. वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत ती आपल्या कपाटात पडून असते. आपण भाडे घेतो, पावसाळ्यात कधी तेलाचा हात फिरवतो. मग मुलगा नवा परवाना घेऊन येतो, बंदूक ताब्यात घेतो आणि निघता निघता म्हणतो, "बारा बोअरची पंचवीस काडतुसं पण द्या." आपण काढून देतो. हे संपादकीय त्या काढून देण्याबद्दल आहे.

परवान्यावर 'डी.बी.बी.एल., १२ बोअर' एवढेच असते. त्यातून नळीची रुंदी कळते. चेंबर किती लांब आहे, हे त्या कागदावर कुठेच नसते, गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि आपणही विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इंग्लिश शिकारी दुनळीचे नेहमीचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या ग्रीनर किंवा वेबली अँड स्कॉट बनावटीच्या बंदुका बहुधा याच घरातल्या. आणि आज गल्ल्यावरच्या पेटीवर आकडा असतो ७० चा.

"पण बसतंय की व्यवस्थित!" हे आपल्या धंद्यातले सर्वांत महागात पडणारे वाक्य असावे. बसणारच. पेटीवरची लांबी ही उडालेल्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार जाते आणि बंदूक सहज मिटते. बार उडाला की दुमड उलगडते. तिला पुढे जागा हवी असते, पण तिथे चेंबर संपून नळीकडे निमुळता होत जाणारा उतार सुरू झालेला असतो. उलगडलेला प्लास्टिकचा काठ त्या उतारात शिरतो, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि मागे दाब चढतो. त्यात ७० च्या काडतुसात भरणाही बहुधा जास्त असतो. ब्रिटनमध्ये ६५ च्या चेंबरला चालतील अशी मुद्दाम बेताने भरलेली ६७.५ मिमीची काडतुसे मिळतात आणि पेटीवर तसे छापलेले असते. तेव्हा केवळ आकडा पाहून उपयोग नाही, पेटीवरचा मजकूरही वाचायला हवा. मजकूर नसेल तर ७० चे काडतूस ७० च्याच चेंबरसाठी समजावे.

यावर जुन्या मंडळींचे उत्तर ठरलेले: इतकी वर्षे वापरतोय, काही झाले नाही. लगेच काही होतही नाही. बंदूक आधी दस्त्याच्या मानेशी तडकते, मग नळ्या बिजागरीवर हलू लागतात आणि मिटलेल्या बंदुकीच्या फटीतून उजेड दिसतो. नळी फुटणे हा शेवटचा अंक. तोवर ती दुरुस्तीला दोन-तीनदा आपल्याकडे येऊन गेलेली असते, आणि आपण दस्ता चिकटवून परत केलेली असते.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. फोर-एंड काढा, नळ्या सुट्या करा आणि त्यांच्या बुडाच्या सपाट पट्ट्या भिंगातून वाचा. चौकटीत १२ आणि खाली 'सी' एवढेच असेल तर चेंबर तीन इंचांपेक्षा कमी, यापलीकडे ती खूण काही सांगत नाही. 'एल.सी.' म्हणजे तीन इंच किंवा जास्त. इंग्लिश प्रूफ हाऊसने चेंबरची लांबी ठोकायला सुरुवात केली १९२५ च्या नियमांपासून, त्यामुळे त्याआधीच्या बंदुकीवर ती शोधत बसू नका. १९५४ नंतरच्या खुणांत दाब टनांत येतो: अडीच इंचीला ३ टन, पावणेतीन इंचीला ३¼. बेल्जियन बंदुकीवर मुकुटाखाली लंबगोलात 'ई.एल.जी.' ही लिएजची खूण असते, आणि 'पी.व्ही.' या अक्षरांवर उभा सिंह असेल तर ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. बिनधुराच्या दारूची कोणतीच खूण नसेल, किंवा नळीवर दमास्कसची वेलबुट्टी दिसत असेल आणि सोबत ती खूण नसेल, तर ती बंदूक काळ्या दारूच्या काळातली धरा. तिला आजचे कोणतेही काडतूस देऊ नका, ६५ चेही नाही.

खुणेवर मात्र डोळे मिटून भरवसा नको. पूर्वी कुणा कारागिराने रीमर घालून चेंबर वाढवलेले असू शकते. अशी वाढवलेली बंदूक ब्रिटनमध्ये पुन्हा प्रूफ केल्याशिवाय विकता येत नाही. इथे ती तशीच हातोहात फिरते, आणि मापात ७० भरली तरी त्या दाबाला कुणी तपासलेली नसते. म्हणून गेज घालून मोजा, आणि दोन्ही नळ्या मोजा. बारा बोअरचे चेंबर पुढच्या टोकाला सुमारे २०.३ मिमी असते आणि नळी साधारण १८.५, त्यामुळे नेमक्या व्यासाचा गेज उतारापाशी अडतो. फूटपट्टी आत घालून डोळ्याने अंदाज घेणे म्हणजे मापणे नव्हे. नळीही गेजने पाहा. घासून घासून ठोकलेल्या मापापेक्षा दहा हजारांश इंचाने रुंद झाली असेल तर जुनी प्रूफ संपली. चेंबर वाढवून द्या, असा आग्रह गिऱ्हाईक धरेल. दुरुस्ती आणि फेरफार कलम ५ च्या परवान्याखाली येतात, हे एक. आणि परवाना असला तरी जुनी पातळ नळी आणखी पोखरण्याचे काम आमच्या मते कोणी घेऊ नये.

कोकणात रानडुकरासाठी गोळीचे काडतूस मागतात. १८७५ ते १८८७ दरम्यानच्या चोकवाल्या इंग्लिश नळ्यांवर इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल' असे ठोकलेले आढळते; तिथे विषय संपला.

आणखी एक, कारण हा अपघात सर्वांत वाईट. खिशात वीस बोअरची आणि बारा बोअरची काडतुसे एकत्र ठेवू नयेत, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. वीसचे काडतूस बाराच्या चेंबरमधून सरकून उतारात अडकते. बंदूक रिकामी समजून मागून बाराचे भरले आणि चाप ओढला, की नळी फाटते, आणि डावा हात नेमका तिथेच धरलेला असतो.

आमची विनंती एवढीच: यापुढे जमा झालेली प्रत्येक जुनी बंदूक परत देताना चेंबरची लांबी आणि बिनधुराची खूण आहे की नाही, हे पावतीवर लिहा, आणि चापाच्या कड्याला पत्र्याचा बिल्ला बांधा. पावतीवर आकडा नसेल तर त्या बंदुकीसाठी काडतूस विकू नका.