पट्ट्यांचा हिशेब

लग्नपत्रिकांच्या पार्श्वभूमीपासून दुकानांच्या फलकांपर्यंत ज्या समांतर पट्ट्यांचा सध्या सुकाळ झाला आहे, ते बहुतांशी कोठून तरी आयते उतरवून घेतलेले असतात, आणि कोठे ना कोठे त्यांचा सांधा उघडा पडल्यावाचून राहत नाही. वस्तुतः फोटोशॉप असो, की १९९६ साली प्रसिद्ध झालेले व विनामूल्य मिळणारे गिम्प असो, पट्टे स्वहस्ते निर्माण करण्याइतके सुलभ काम या विद्येत दुसरे नसेल.

उभ्या पट्ट्यांसाठी २० पिक्सेल रुंद आणि अवघा एक पिक्सेल उंच असा तुकडा घेऊन त्याचा अर्धा भाग रंगवावा, फोटोशॉपमध्ये ‘डिफाइन पॅटर्न’चा हुकूम द्यावा किंवा गिम्पमध्ये तो नुसता कॉपी करावा (तेथे कॉपी केलेला तुकडा पॅटर्नांच्या यादीत आपोआप दाखल होतो), आणि मग बकेटने पृष्ठ भरावे. ताण्यातले धागे मोजून रंग बदलणाऱ्या विणकराला यात काहीच नवल वाटणार नाही.

खरी कसोटी तिरप्या पट्ट्यांची. उभे पट्टे भरून चित्र फिरवण्याचा सोपा मार्ग पुष्कळांना प्रिय असतो, परंतु त्याने कडा धूसर होतात आणि कोपरे रिकामे राहतात. त्यापेक्षा २० बाय २० चा चौरस घेऊन डाव्या वरच्या कोपऱ्यात १० पिक्सेल बाजूंचा त्रिकोण भरावा, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली उतरणाऱ्या कर्णाला खालून लागून, आडवा मोजल्यास १० पिक्सेल भरेल असा पट्टा काढावा. वरपासून खालपर्यंत कोणतीही ओळ तपासली, तरी तीत रंगीत पिक्सेल दहाच भरले पाहिजेत. एकाचीही कसूर राहिली, तर यंत्र ती इमानेइतबारे पृष्ठभर वठवते. शिवाय आडवा दहा भरणारा हा पट्टा काटकोनात मोजला असता जेमतेम सातच पिक्सेल जाड असतो, म्हणून उभ्याच्या तोडीचा तिरपा पट्टा हवा असेल, तर तुकडा २० ऐवजी २८ चा घेण्याची तजवीज आधीच करावी लागते.

चित्र लहान करताना ते निम्मे केले तर निभावते, कारण विसाचे नेमके दहा होतात. परंतु ३७ टक्के केले, की ७.४ पिक्सेलांचा तुकडा बसणार कोठे, आणि मग काही पट्टे स्वच्छ व काही मळकट दिसू लागतात. फाइल जेपेगऐवजी पीएनजीत जतन करावी हेही ओघाने आलेच, कारण जेपेगची काटकसर तीव्र कडांच्या मुळावर उठते.

एवढे सारे साधल्यावरही मजकुरामागच्या पट्ट्यांचे दोन रंग परस्परांच्या निकट असावेत, असा माझा आग्रह असतो. परंतु गिऱ्हाइकाला तांबडा आणि पिवळाच लागतो, आणि निमंत्रिताला मुहूर्त वाचण्यासाठी पत्रिका उजेडात धरावी लागते.

— एक जुळारी