बर्लिनची सभा, लासलगावचा लिलाव

सर्वोच्च पदावर डोळा असलेल्या नेत्याला निवडणूक जवळ आली की जग पाहण्याची ओढ लागते. अमेरिकेत तर हा रिवाजच आहे. सिनेटमध्ये जेमतेम चौथे वर्ष काढत असलेले बराक ओबामा जुलै 2008 मध्ये अफगाणिस्तान, इराकपासून लंडनपर्यंत फिरून आले. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी प्रचारसभा घेण्याच्या कल्पनेवर चान्सलर अँगेला मर्केल यांनी नाक मुरडले, म्हणून सभा विजयस्तंभापाशी झाली आणि दोनेक लाख लोक लोटले. त्यांतल्या जर्मनांना मत नव्हते. मत होते ते तिकडे ओहायोत टीव्हीपुढे बसलेल्यांना, आणि सभाही त्यांच्यासाठीच होती. चार वर्षांनी ओबामांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी लंडनला गेले आणि यजमानांच्याच ऑलिंपिक तयारीबद्दल शंका काढून बसले. महापौर बोरिस जॉन्सन यांनी हाइड पार्कात भर गर्दीपुढे त्यांची फिरकी घेतली. एकाचा दौरा गाजला, दुसऱ्याचा फसला. पण त्यातून दोघांच्या परराष्ट्र धोरणाबद्दल काय कळले? पाहुणा म्हणून कसे बोलावे हे एकाला उमगले होते, दुसऱ्याला नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, नवख्या नेत्याने सुरुवात करायची तरी कुठून? आक्षेप रास्त आहे. गुजरातचे मुख्यमंत्री असताना नरेंद्र मोदी 2011 मध्ये चीनला आणि 2012 मध्ये जपानला जाऊन आले. जपानच्या शिंझो आबे यांच्याशी असलेली ओळख पुढे दोघेही पंतप्रधान असताना कामी आली. ओळख हे भांडवल खरेच. पण चीनमधल्या त्या पाहुणचाराचा 2020 मध्ये गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्ये भिडली तेव्हा काही उपयोग झाला नाही. हितसंबंध जुळले तर ओळख फळते, आडवे आले तर ओळख ओळखीच्या जागी राहते. आणि अनुभवच तोलायचा म्हटले, तर 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेलेल्या यशवंतराव चव्हाणांकडे संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र अशी चारही खाती येऊन गेली. पंतप्रधानपद काही आले नाही. म्हणजे दौऱ्याचे फोटो म्हणजे अनुभव नव्हे, आणि अनुभव असला तरी तो पदापर्यंत नेईलच असे नाही.

मग कसोटी कोणती? ती नाशिक जिल्ह्यातल्या, कांदा पिकवणाऱ्या निफाड तालुक्याला विचारावी. इथे परराष्ट्र धोरण विमानातून उतरत नाही, दिल्लीच्या अधिसूचनेतून येते. सप्टेंबर 2019 अखेर कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे, असा चिमटा काढला. आधी कळवले असते तर बरे झाले असते, हेही ऐकवले. 2023 च्या डिसेंबरात पुन्हा तेच. रात्रीतून बंदी आली आणि निफाड तालुक्यातल्याच लासलगावच्या बाजार समितीत लिलाव थांबले. त्या दिवसांतला माल लाल कांद्याचा; उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत भरून भावाची वाट बघता येत नाही. गिऱ्हाईक ढाक्याचे तुटले, नुकसान निफाडचे झाले. 2024 मध्ये, निफाड ज्यात येते त्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघातून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, तेव्हा कारणांच्या यादीत कांदा वरच्या जागी होता. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याची किंमत उत्पादक आणि शेजारी देश या दोघांनीच, तीही न कळवता, का मोजायची, याचे उत्तर त्यात नाही.

तेव्हा उमेदवारांनी परदेशी जरूर जावे, हस्तांदोलनेही करावीत. फक्त परतल्यावर एक फेरी बाजार समितीच्या आवारात मारावी आणि ट्रॅक्टरच्या रांगेपुढे उभे राहून शेजारधर्म समजावून सांगावा. या दौऱ्याला व्हिसा लागत नाही, आणि इथल्या श्रोत्यांना मतही असते. बहुधा अडचण तीच असावी.