खाडा कोणाच्या नावावर?



साथीत कामगाराच्या रजेचे काय, पगाराचे काय, ही चर्चा निघाली की सगळ्यांना शहरातले मस्टर आठवते. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने हुकूम काढला, की टाळेबंदीत बंद राहिलेल्या आस्थापनांनी कामगारांचे वेतन कापू नये. हुकूम काढायला सरकारला दमडी लागली नाही, पैसे मालकाने द्यायचे होते! मालक कोर्टात गेले. १८ मेपासून हुकूम उठला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आपसांत बसून मिटवा.

त्याच मार्चात ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते, लाखाहून अधिक. गावी जायची परवानगी मिळाली १७ एप्रिलला. साखर जीवनावश्यक, म्हणून गाळपाला बंदी नव्हती. फड बंदच नव्हता, तेव्हा तो हुकूम फडाला लागूही नव्हता.

फडात रजा नसते, खाडा असतो. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांनी हंगामाआधी उचल घेतलेली. दोघांपैकी एक आडवा झाला की कोयता थांबला, आणि खाड्याची रक्कम त्यांच्याच नावावर चढली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायांनी गर्भाशये काढून घेतल्याचे २०१९ साली गाजले, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ज्या धंद्यात खाड्याची धास्ती एवढी, तिथे अंगात ताप असलेला माणूस 'मी कोपीतच थांबतो' म्हणेल? तो ताप लपवील आणि टोळीबरोबर मोळ्या वाहील. साथ पसरायला आणखी काय लागते?

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले, की तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला पाहिजे, उन्हाळ्यात उशीर झाला की वजन घटते, उतारा पडतो. तोडणाऱ्यालाच ताप आला तर काय करायचे, यावर एकही धडा नव्हता.

मालक कोण, म्हणून विचारा. कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, मुकादम म्हणतो मीही उचल घेऊनच आलोय. बाकीच्या कारखान्यांतल्या विमाधारक कामगाराला राज्य विम्यातून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. साखर कारखाना हंगामी, म्हणून तो या कायद्याबाहेर. तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र आमच्या ऊसबिलातून कापला जातो. पैसा आमचा, माणूस कोणाचाच नाही!

आमच्यातले काही म्हणतील, उसाला भाव पुरत नाही, त्यात मजुराची रजाही आम्हीच भरायची? भावांनो, डिझेल वाढले की आपण ते उत्पादनखर्चात धरा म्हणून भांडतो. तोडणाऱ्याचे आजारपण हाही उत्पादनखर्चच आहे. तो आज नाही असे नाही, फक्त कोयत्याच्या उचलीत दडपलेला आहे. तो उघड मांडा, एफआरपी ठरवताना धरा, मग भाव मागा. (सालगड्याच्या खाड्याचा हिशेबही याच जातीचा आहे, त्यावर पुढच्या अंकात.)

गाळप सुरू होण्याआधी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. आपण सभासद आहोत. तोडणीच्या करारात दोन ओळी घालायला लावा: डॉक्टरने सांगितलेल्या आजारपणाचा खाडा उचलीवर चढणार नाही, आणि त्या दिवसांची मजुरी आधी कारखाना देईल. या दोन ओळींवर कोणत्या कारखान्याचे संचालक काय म्हणाले, ते जिल्हा बैठकीला लिहून आणा.