घर बघताना मी जिना पाहिलाच नाही

काचीगुड्याचं आजोबांचं घर सोडून आम्ही नानकरामगुड्याच्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर राहायला आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. आपल्यातले बरेच जण सध्या याच विचारात आहेत. फोन येतात, "कसं आहे रे वर?"

वर छान आहे. उजेड भरपूर, डास कमी. वारा मात्र असा की दारं धाडधाड आपटतात. पहिल्याच उन्हाळ्यात आईचे पापड उडून कुणाच्या बाल्कनीत गेले ते कळलं नाही. सकाळी ऑफिसच्या वेळेला लिफ्टसाठी दहा मिनिटं जास्तीची धरायची. हे सगळं अंगवळणी पडतं.

घर बघायला आलो तेव्हा मी कार्पेट एरिया विचारला, पार्किंग विचारलं, इंटरनेट विचारलं, जनरेटरवर एसी चालतो का तेही विचारलं. जिना पाहिलाच नाही. घरात सत्तरीचे, गुडघा दुखणारे वडील, आणि मी म्हणे इंजिनिअर!

गेल्या मार्चमध्ये रविवारी रात्री आगीचा अलार्म वाजला. लिफ्ट आपोआप तळमजल्यावर जाऊन थांबल्या. आगीच्या वेळी तसंच व्हायला हवं, ते बरोबरच आहे. पण मग उरतो जिना. आमच्याकडे मजल्याला वीस पायऱ्या, म्हणजे एकूण चारशे चाळीस.

दोन मजले उतरल्यावर बाबा कठडा धरून थांबले. "तू पोरीला घेऊन पुढे हो. मी येतो सावकाश." मंडईतून परतताना म्हणावं इतक्या साध्या आवाजात. मी आईला, बायकोला आणि लेकीला पुढे पाठवलं आणि त्यांचा हात धरला. नंतरचे दोन मजले उतरायला आम्हाला किती वेळ लागला, कुणास ठाऊक.

अठराव्या मजल्यावर एका दारावर हिरवी पाटी होती : 'रेफ्यूज एरिया'. उंच इमारतीत साधारण 24 मीटरच्या वर आणि पुढे दर 15 मीटरला अशी जागा ठेवायची असते. बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत. ज्यांना उतरणं जमत नाही त्यांनी तिथे थांबायचं, अग्निशमन दलाचे लोक तिथे येतात. मला ती जागा माहीत होती, पण सायकली ठेवायची खोली म्हणून! लेकीची लहान झालेली सायकल मीच तिथे नेऊन ठेवली होती.

दार निम्मंच उघडलं, मागे कुणाचा तरी जुना सोफा होता. बाबा आडवे होऊन आत शिरले आणि त्याच सोफ्यावर बसले. मी सायकली बाजूला सारत राहिलो. दोघंही काही बोललो नाही.

वीस मिनिटांनी वॉचमन वर आला. "कुच नै अंकल, नौवें फ्लोर पे कढई जल गई."

म्हणून आता फोन आला की मी सांगतो, घर बघायला जाल तेव्हा वर लिफ्टने जा, पण उतरा जिन्याने. आई-वडिलांना जमत असेल तर त्यांनाही दोन मजले उतरू द्या. जिन्याची दारं आपोआप बंद होतात का पाहा. वीट लावून उघडी ठेवलेली असतील तर आगीच्या वेळी धूर सरळ जिन्यात शिरणार. रेफ्यूज एरिया कुठे आहे ते विचारा आणि आत जाऊन बघा.

आमच्या इथल्या सायकली आठवड्यात हलल्या. सोफ्याला दोन महिने लागले, कारण तो आपला आहे असं कुणी कबूलच करेना.

बाबा आता दर रविवारी सकाळी चार मजले जिन्याने उतरतात, ते दार पूर्ण उघडतं का बघतात आणि लिफ्टने वर येतात. मागच्या रविवारी तिथे कुणाच्यातरी कुंड्या होत्या. बाबा तळमजल्यावर गेले, वॉचमनला घेऊन आले आणि कुंड्या हलेपर्यंत दारातच उभे राहिले. त्या दिवशी नाश्त्याचे पोहे थंड झाले.