चाचण्या मोजू नका, तपासा

मधुमेहावरील चिनी वनौषधींबद्दलच्या एका पत्रात ‘इतक्या चाचण्या झाल्या, मग शंका कशाला?’ असे विचारले आहे. संख्या म्हणजे पुरावा नव्हे. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या जुन्या आढाव्यात ६६ चाचण्या आणि ८,३०२ रुग्ण होते; तरी बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष निघाला नाही. रुग्णांचे गट कसे पाडले, मधेच किती जण गळले, हेच अहवालात नसेल तर साखर कशाने उतरली हे कळणार कसे? चीनमधल्या ‘शियाओके’ गोळीत तर वनस्पतींबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे आधुनिक औषधही असते! म्हणूनच २०१७मध्ये चिनी वनौषधींसाठी ‘कॉन्सॉर्ट’ या चाचणी-अहवालांच्या नियमावलीचे विस्तारित निकष आले: घटक, मात्रा, दर्जा स्पष्ट नोंदवा. यात परंपरेचा अपमान कसला? औषध खरेच गुणकारी असेल, तर चोख अहवालाचा लाभ त्यालाच होईल.

– एक वाचक, नाशिक