अवघड आणि धोक्याचे

प्रस्तरारोहणाविषयी लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. जिवतीच्या माणिकगड डोंगरावर आमचा वावर असला, तरी आम्ही मराठीचे अध्यापक. दोराची साधी गाठही आम्हांला धड मारता येत नाही. तरीही 'अवघड' आणि 'धोक्याचे' या दोन शब्दांतील अंतर या खेळाने जितके स्पष्ट केले आहे, तितके आमच्या अध्यापनव्यवहाराने केलेले नाही, असे आमचे मत झाले आहे.

बदामीचे उदाहरण घ्यावे. चालुक्यांच्या या जुन्या राजधानीतील तांबड्या वालुकाश्मावर 'गणेशा' नावाचा एक मार्ग आहे. फ्रेंच श्रेणीनुसार तो 8बी+, म्हणजे देशातील अत्यंत कठीण मार्गांपैकी एक. पुण्याच्या तुहिन सातारकरनेही तो सर केला आहे. अशा मार्गावर कातळात भोके पाडून पोलादी बोल्ट बसवलेले असतात आणि चढणारा त्यांत दोर अडकवत वर जातो. हात सुटला, तर शेवटच्या बोल्टपासून तो जितका वर असेल त्याच्या दुपटीहून थोडा अधिक खाली येतो आणि दोराला लोंबकळतो. मात्र बोल्ट हाताने धरला किंवा दोरावर भार टाकून विसावा घेतला, तर ती चढाई मोजली जात नाही. पुन्हा तळापासून आरंभ.

बोल्ट जीव वाचवतो, चढण सोपी करत नाही. पडण्याची मुभा असल्यामुळेच माणूस आपल्या कुवतीपलीकडच्या कातळाला हात घालतो. बोल्टमुळे कातळ विद्रूप होतो, हा काही आरोहकांचा आक्षेप आम्हांला टाकाऊ वाटत नाही. जेथे नैसर्गिक भेगेचा आधार पुरतो, तेथे भोक कशाला? पण जेथे भेगच नाही, तेथे काय करावे?

आमच्या वर्गातील अनेक मुले घरी गोंडी, कोलामी वा बंजारा बोलतात. त्यांच्यापुढे मर्ढेकरांची कविता ठेवताना आम्ही काय करतो? दहा ओळींचा सारांश लिहून देतो, अपेक्षित प्रश्न सांगतो. कातळात पायऱ्याच खोदतो म्हणा ना! उलट एखादा विषय राहिला की मुलगा शेतावर जातो, मुलीचे लग्न ठरते. तेथे आम्ही एकही बोल्ट मारलेला नाही. अवघडपण काढून घेतले, धोका तसाच ठेवला.

मे 2018 मध्ये 'मिशन शौर्य' मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांना प्रशिक्षण मिळाले, दोर मिळाले; त्यांच्यासाठी शिखर ठेंगणे करावे, असे कोणी सुचवले नव्हते. साहित्याच्या बाबतीत मात्र ही सूचना आम्ही रोज करतो, आणि तिला दयाबुद्धी म्हणतो.

यंदा आम्ही सारांश देणे बंद केले. पहिल्या दोन लेखनांना गुण नाहीत. ती हवी तितक्या वेळा पुन्हा लिहावीत, आणि अर्थ आधी घरच्या भाषेत सांगितला तरी चालेल. पहिले काही दिवस वर्ग गप्प होता. मग एके दिवशी एका मुलीने कवितेतील एका शब्दाचा आम्ही सांगितलेला अर्थ चूक असल्याचे दाखवून दिले. तिचे बरोबर होते.